पोळपाटावरची चिमणी

वाघोली,
भाद्रपद वद्य अष्टमी
(पत्रावर तिथी घालण्याची मला सवय नाही. आता का लागली ते पुढे येईल.)

साडूभाऊ रंगराव यांस,

वाकून नमस्कार करण्याइतके आपण मोठे नाही आणि आशीर्वाद देण्याइतके लहान नाही, म्हणून नुसता नमस्कार. आपली प्रकृती ठीक असावी. सुशीलाताईंचा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्याची चौकशी करायला म्हणून तनुजा चार दिवसांसाठी नगरला आली, त्याला आता महिना होईल. आपल्या बायकोच्या सख्ख्या बहिणीने एवढी चौकशी करूनही गुडघा बरा होत नसेल, तर डॉक्टर बदला. फोनच केला असता, पण आपला फोन तीच उचलते आणि भावजी झोपलेत म्हणून सांगते. (सकाळी अकरालाही आणि संध्याकाळी सहालाही. आपण बरेच झोपता.) परत येण्याची तिची अट आपल्या कानांवर असेलच: "तुमच्या त्या यंत्रावर पहिली चिमणी बसली की कळवा, येते." आपण तिची बाजू ऐकली आहे. माझी बाजू थोडी लांब आहे.

आमच्या तळमजल्याच्या घरामागे एक जमिनीची पट्टी आहे. बिल्डर तिला उद्यान म्हणतो. तिथे एक तगर आहे आणि बाकी बिल्डरचा शब्द. तनुजाला तिथे चिमण्या हव्या होत्या. बाजारात चिमण्यांना दाणे ठेवायची प्लॅस्टिकची भांडी मिळतात, टांगली की झालं. पण ज्या माणसाने नोकरीत कालव्यांचे आराखडे काढले, त्याने प्लॅस्टिक टांगावं? मी म्हटलं, लाकडाचं करू, आणि मीच करणार. आराखड्यालाच पंधरवडा गेला. (आमच्या खात्यात त्यालाच काम म्हणत.) छपराचा उतार, वाऱ्याचा दाब, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, सगळं धरलं. चिमणीचं वजन धरायचं राहिलं. दिवाणखान्यात भुसा झाला. तनुजा काही बोलली नाही, नुसती झाडत राहिली. हे मी संमतीचं लक्षण समजलो.

छप्पर झालं, खांब झाला. दाणे ठेवायला मात्र गोल, सपाट, उन्हापावसाला दाद न देणारं लाकूड हवं होतं. अख्ख्या वाघोलीत तसं मिळेना. स्वयंपाकघरात मिळालं. शिसवीचं होतं, खाली तीन पाय आयते. मी ते उलटं करून स्क्रू मारले. आता, रंगराव, आपण दोघे एका घरचे जावई. त्या घरातून दोघी बहिणींना लग्नात एकेक शिसवी पोळपाट मिळाला, हे आपल्याला ठाऊक होतं का? मला नव्हतं. मला तो लाकूड म्हणून दिसला. कणीक भिजवून झाल्यावर आतून आवाज आला, "अहो, पोळपाट कुठंय?" मी म्हटलं, "बाहेर." त्यानंतर आमच्यात सविस्तर असं बोलणं झालं नाही. ती बागेत गेली, पोळपाटातून वर आलेली स्क्रूंची टोकं बघितली आणि घरात येऊन बॅग काढली. जाताना अट तेवढी सांगितली.

मी तांदळाची कणी घातली, बाजरी घातली, पाणी ठेवलं. आला तो कावळा. मग त्याचे नातेवाईक. माझी रचना पुरातही टिकणारी असल्याने कावळ्यांना ती फार मानवली. कच्चं काम केलं असतं तर निदान हलली असती. कावळे बसल्यावर चिमणी कुठली फिरकते? मी ते काढून टाकायचं ठरवलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि पितृपक्ष लागला.

तिसऱ्या मजल्यावर आमोद राहतो, कॉम्प्युटरवाला. मूळचा चंद्रपूरकडचा. वडील गेल्या वर्षी वारले, म्हणून यंदा हा पान घेऊन गच्चीवर गेला. गच्चीत कबुतरं, कावळा नाही. खाली माझ्या दारात आला. "काका, तुमच्याकडे कावळा येतो ना? प्लीज, लवकर जमेल का? साडेबाराला माझा कॉल आहे." श्राद्धपक्षाविरुद्ध मी सोसायटीत दोनदा व्याख्यान दिलं आहे, एकदा याच्याचसमोर. तरी आत घेतलं. त्याने पोळपाटावर खीर-वडे ठेवले. कावळा छपरावर बसून माझ्याकडे बघत राहिला. "काका, राग मानू नका, पण तुम्ही जरा आत जाता का? तुमच्यामुळे शिवत नाहीये." मी माझ्याच बागेतून आत गेलो. खिडकीतून पाहिलं. कावळ्याने वडा उचलला आणि आमोद हातातली रिकामी पत्रावळ धरून रडायला लागला. त्याचा फोन वाजत होता, त्याने घेतला नाही. मी त्याला चहा करून दिला. साखर घातली नव्हती. (ती कुठे असते हे तनुजाला ठाऊक.) त्याने सगळा प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून रांग. माझ्या यंत्रावर कावळा हमखास शिवतो अशी ख्याती पसरली आहे. चेअरमनसाहेबांनी तिथीवार वेळा लावून दिल्या आणि मला बजावलं, "सर्वपित्री होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. लोकांच्या वाडवडिलांचा प्रश्न आहे." शिवाय म्हणाले, "माधवराव, तुमच्या हातून चांगलं काम झालं." नोकरीत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. थोडक्यात, पोळपाट निघत नाही, म्हणून कावळे जात नाहीत, म्हणून चिमणी येत नाही, म्हणून तनुजा येत नाही. माझ्या बागेत रोज कुणाचे तरी गेलेले वडील येऊन जेवून जातात. नगरला गेलेलं माणूस तेवढं येत नाही.

असो. सुशीलाताईंना नमस्कार. गुडघ्यालाही.

आपला,
माधव

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. आपण खोटं बोलत नाही असा सासरी आपला लौकिक आहे. तेव्हा चिमणी बसल्याचं मी कळवलं आहे, असं तनुजाला आपणच सांगावं.

ता. क. २. सांगू नका. ती विचारेल, चिमणी की चिमणा? मग, गळा काळा होता का? आपण अडकाल आणि मग मलाही परवडणार नाही.

ता. क. ३. चिमणी आली नाही. तरी ये म्हणावं. नगरची एसटी वाघोलीला थांबते. मी तसाही रोज संध्याकाळी स्टॉपवर भाजी घ्यायला जातो. भाजी घेतोच असं नाही.