मागची सीट

३ नोव्हेंबर १९७८, तुमसर

आज गाडी आली! पांढरी अँबॅसॅडर, सात वर्षं वापरलेली, पण दारात उभी राहिली तेव्हा घराचं रूपच पालटलं. अमरावतीहून येऊन दवाखाना उघडल्याला दोन महिने झाले. खेड्यांतून बोलावणी येतात, एसटीचा नेम नाही, आणि बैलबंडीत बसून कंबरेचे टाके ढिले होतात. लेडी डॉक्टरनं स्वतः मोटार हाकायची का, असं घरमालक दोनदा म्हणाले. हाकणार. रोज त्यांच्या खिडकीखालून हाकणार.

विकणारे मधुकरराव म्हणजे चिखल्याच्या खाणीचा माल वाहणारे ठेकेदार. माणूस मोकळा वाटला. गाडीला अपघात झाल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं, विम्याचे कागदही पुढे केले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शहापूरजवळ चिंचेच्या झाडावर आदळली होती. बॉनेट, पुढची जाळी आणि डावा मडगार्ड नवा बसवला. उन्हात निरखून पाहिलं तर डावा मडगार्ड बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्त पांढरा दिसतो, एवढंच. लपवलं असतं तर मी घेतलीच नसती. खरं बोलणारा माणूस मला आवडतो.

९ नोव्हेंबर

बपेऱ्याला जाऊन आले. धान कापून झालं आहे, भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, कोरडी ठणठणीत. सुंदरबाई नावाची मुलगी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तब्येत उत्तम. कळा सुरू झाल्या की निरोप पाठवा, मी याच गाडीत घालून तुमसरला नेईन, असं तिच्या सासूला सांगितलं. सासू चंद्रभागाबाई. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि कोणाकडून घेतली म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यावर तिनं मला चहासुद्धा विचारला नाही.

परतताना गाव सुटल्याबरोबर गाडी मागून बसल्यासारखी जड ओढू लागली. पंक्चर असेल म्हणून उतरले. चाकं ठीक होती. मागच्या सीटवर मात्र चिखल होता, भातरोवणीच्या बांधीतला असतो तसा काळा, ओला. कोणीतरी बिनदिक्कत आत चढून बसलं असणार. दुसऱ्याची वस्तू म्हणजे यांना गावची चावडी वाटते! घरी येऊन तासभर घासत बसले.

१४ नोव्हेंबर

पुन्हा चिखल. या वेळी दारं कुलूपबंद होती आणि किल्ली माझ्या कंबरेला. आतल्या बाजूनं काचेवर पाच बोटं उमटली आहेत, खाली, अगदी खाली. निजलेल्या माणसानं हात उचलून काच चाचपावी तशी.

चार कोसांत ओली बांधी नाही.

मला एखादी गोष्ट कळली नाही की संताप येतो. गाडी परसराम मिस्त्रीच्या गॅरेजात नेली आणि स्प्रिंगचे मागचे पाटे तपास म्हटलं. पाटे चांगले आहेत म्हणाला. सीट उचलून बघ म्हटलं तर मागच्या दारापासून दोन हात लांबच उभा राहिला. दुसरं काम आहे म्हणाला. समोर दुसरी गाडी नव्हती. मी त्याला नको ते बोलले.

२१ नोव्हेंबर

राग मावत नाही. लिहून ठेवते.

सुंदरबाईच्या कळा सुरू झाल्याचा निरोप आला. बाराच्या सुमारास पोचले. मूल आडवं, हात बाहेर आलेला. घरात काही करणं शक्य नव्हतं. तुमसर गाठायलाच हवं होतं. गाडी दारात उभी, आणि चंद्रभागाबाई उंबऱ्यात आडवी. त्या गाडीत नाही, म्हणाली. मी तिला अडाणी म्हटलं, खुनी म्हटलं. ती रडत होती, पण हलली नाही.

"त्या गाडीत पह्यलेच एक बाई निजून हाये," ती म्हणाली. "तिच्या आंगावर माह्या सुनेले कशी निजवू?"

त्यांनी बंडी जुंपली. मी माझी रिकामी गाडी घेऊन बंडीमागून बैलांच्या चालीनं गेले. सगळी वाट सुंदरबाईचं ओरडणं ऐकत.

ती वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

दवाखान्याच्या पायरीवर चंद्रभागाबाईनं सगळं सांगितलं. शकुनबाई तिच्या जावेची लेक. गेल्या वर्षी रोवण्यावरून घरी येताना याच गाडीनं तिला उडवलं. बायांनी डोळ्यांनी पाहिलं. मधुकररावांनी तिला मागच्या सीटवर घेतलं, दवाखान्यात नेतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली, मेलेली. तक्रार केली तर ती गाडी त्या दिवशी शहापूरला झाडावर आदळल्याचे कागद निघाले.

ते कागद माझ्या कपाटात आहेत.

२२ नोव्हेंबर

मागच्या दारापासून लांब राहिलेल्या परसरामची कॉलर धरली तेव्हा बोलला. गेल्या वर्षी तो मधुकररावांकडे ड्रायव्हर होता. गाडी मालक चालवत होते, हा शेजारी बसला होता. तुमसर जवळ आल्यावर मालकांनी गाडी आडरस्त्याला सागाच्या सावलीत घातली. जिवंत नेली तर नाव सांगेल, म्हणाले. दोन तास बसून राहिले. शकुनबाई मागून पाणी मागत होती.

मग तिला टाकून दिली, आणि शहापूरला जाऊन गाडी मुद्दाम झाडावर घातली. पहिला पोचा दुसऱ्या पोच्यात बुडाला.

तू काय केलंस, मी विचारलं.

"मी खाली पाहून राहिलो होतो, बाई."

थुंकले मी त्याच्या गॅरेजात.

२३ नोव्हेंबर

दुपारी भर उन्हात मागच्या सीटवर जाऊन बसले. मुद्दाम. दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं मांडीवर डोकं आलं. जड. ओले केस. दिसलं काहीच नाही, पण माझी साडी भिजत गेली.

ओरडले नाही. कपाळावर हात ठेवला, सवयीनं. गार होतं. माझी बोटं घट्ट धरली तिनं —

भीती वाटली, खूप. पण त्याहून जास्त राग. एवढा राग माझ्या एकटीचा असणार नाही. तो तिचाही आहे. तिचाच असेल.

उद्या चिखल्याला जाते.

२४ नोव्हेंबर, दुपार

गाडीत बसून लिहिते आहे. वही बॅगेत होती.

खाणीवर मजुरांसमोर मधुकररावांना विचारलं, शकुनबाई जिवंत होती ना म्हणून. हसले. कागद पाहूनच गाडी घेतली ना, म्हणाले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "नेली असती तरी मेलीच असती न ते."

मी किंचाळले. काय बोलले आठवत नाही. त्यांनी छाती धरली. सोंग नव्हतं, घाम, ओठ निळे. इंजेक्शन दिलं. ट्रक सोडले तर दुसरी गाडी नव्हती. चौघांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी नको म्हणू शकले असते. त्यांचा मुनीम म्हणाला, मी ट्रकनं मागून येतो.

गोबरवाहीच्या पुढे गाडी आडवाटेला वळली, झाडीत. मी वळवली नाही. म्हणजे हात माझेच होते चाकावर, पण —

इंजिन बंद पडलं. मोठ्या रस्त्यानं मुनिमाचा ट्रक गेला. ऐकला मी. हॉर्न दिला नाही.

पाणी मागताहेत.

म्हणतात, हिला सरकायला सांगा. छातीवर बसली आहे म्हणतात. मी वळून पाहत नाही. मी म्हटलं, शकुनबाई, घे. तुझा आहे.

ती सोडणार नाही. तिनंच गाडी थांबवली —

घरघर लागली आहे. बॅगेत अजून एक इंजेक्शन आहे. हात तिकडे जात नाही. ती धरून ठेवते आहे माझा हात, नाहीतर मी —

थांबली घरघर.

आता शकुनबाई बोलते आहे. मागून, माझ्याशी. आवाजात राग नाही. मुळीच नाही.

"डॉक्टरीणबाई, काहून थांबल्या? चाला न. तो मानूस मरून राहिला. अन् मले बी न्या दवाखान्यात. मी हाये अजून —"

राग नाही तिला.

किल्ली माझ्या मुठीत आहे. केव्हा काढली? तिनं नाही. मी काढली, मीच —

दार उघडत ना