कादंबरीत कावळा नाही

२ डिसेंबर, मंगळवार
किहीमला पोचलो. खोली झकास. मागे नारळ, पुढे समुद्र. आठवड्यात कादंबरी हातावेगळी करायची. विषय पक्का: एक विधवा कोळीण, तिचं दुःख आणि स्वतःचा शोध. शिवाय जादू. ती रडली की अंगणात मीठ साचतं, केस वाढत वाढत भरतीच्या पाण्यात जातात. हल्ली वाचकांना असं लागतं. बायकांचं मन मला आतून कळतं, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हणजे देसाई म्हणायचा.

बायकोला, हेमांगीला, पनवेललाच ठेवलं. तिची आई जाऊन दीड महिना झाला. तशी नॉर्मल आहे, पण मी लिहायला बसलो की आईचं काहीबाही सांगत बसते. दुःखावर लिहायचं तर असला डिस्टर्बन्स परवडत नाही. मीही येते म्हणाली. म्हटलं, मला एकांत लागतो. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

३ डिसेंबर, सकाळ
पहिली ओळ लिहायला घेतली आणि खिडकीत कावळा. पेन उचललं की ओरडतो, ठेवलं की गप्प. पावाचा तुकडा टाकला, शिवला नाही.

घरमालकीण कोकिळाताई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. म्हणाल्या, कावला खात न्हाय म्हंजे कुनाचं तरी कायतरी ऱ्हायलंय, घरात कोन गेलं का? सासूबाई गेल्या म्हटलं, पण त्यांचं सगळं रीतसर झालंय.

झालंच आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता हे खरं. मेहुण्याने देवघर सांभाळायचा शब्द दिला, तरी नाही. ऑक्टोबरचं ऊन, मला पित्ताचा त्रास. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, हेमांगीला समुद्रावर नेईन, तिचं सगळं ऐकून घेईन. लगेच शिवला. निव्वळ योगायोग. भूक लागली असणार.

कादंबरीत कावळा घेणार नाही. फार जुनं वाटतं.

४ डिसेंबर
रिसर्च. कोकिळाताईंचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही. म्हणजे थेट माझी नायिका. विचारलं, मग तुम्हाला स्वतःचा शोध कसा लागला? म्हणाल्या, मी कवा हरवले व्हते, हरवला तो नवरा, होडीसकट. मग रात्री बांगडा चालेल का विचारलं. नायिका म्हणून जरा कच्च्या आहेत.

कावळा आहेच.

५ डिसेंबर, दुपार
कावळ्याला ऑम्लेट, तळलेला बांगडा, श्रीखंड. शिवत नाही. शेवटी हेमांगीला फोन केला, आईंना आवडायचं काय? खारी, चहात बुडवून, म्हणाली. मला तेवढंच हवं होतं. पण मग ती आईबद्दल बोलतच राहिली आणि रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी फोन स्पीकरवर ठेवून खारी आणायला गेलो. परत आलो तरी चालूच. कशाला हवंय विचारलं तिने. कावळ्याचं सांगितलं. तिने फोन ठेवला.

खारीलाही शिवला नाही.

६ डिसेंबर
हेमांगी आली. एसटीने, न विचारता. माझ्याकडे न येता चपला हातात घेऊन सरळ पाण्याकडे गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. मी हाक मारायला वळलो तर कुंपणाच्या गडग्यावर कावळा कालची खारी खात होता. सगळी संपवली आणि उडून गेला.

दमट हवेने खारी मऊ पडली असेल.

आता लिखाणाला वेग येईल.

७ डिसेंबर
वेग आला नाही. हेमांगी आणि कोकिळाताई दिवसभर वाळूत. आधी दोघी रडत होत्या, मग हसत होत्या. कशाला, ते मला सांगितलं नाही. बोंबलांची राखण माझ्याकडे. संध्याकाळी हेमांगी कोकिळाताईंची स्कूटर चालवताना दिसली. पनवेलला बावीस वर्षं मागे बसणारी बाई. ओढणी वाऱ्यावर, तोंडाने गाणं. मला हॉर्न देऊन बाजूला व्हायला लावलं.

रात्री म्हणाली, पंधरा दिवस इथेच राहते, तू जा. मीही थांबतो म्हटलं. मला एकांत लागतो, म्हणाली.

बरं म्हटलं. मीही समजूतदारच आहे.

८ डिसेंबर, पनवेल
घर शांत. लिखाणासाठी आदर्श. सकाळी टेबलाशी बसलो. कोणी आईचं सांगायला आलं नाही. पेन उचलून पाहिलं, ठेवून पाहिलं. करमत नाही.

हेमांगीला फोन केला. आईंचं काहीतरी सांग म्हटलं. कोकिळाताईंना सांगितलं सगळं, म्हणाली, आता पाण्यात जातेय, नंतर बोलू.

खिडकीत खारी ठेवली. दुपारपर्यंत वाट पाहिली. एकही आला नाही.

चहात बुडवून मीच खाल्ली.