प्रतिज्ञापत्रातला ‘केवळ’ हा शब्द रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय संचालक,
कामगार आरोग्य-लाभ तक्रार कक्ष,
विभागीय कार्यालय.

अर्जदार : श्रीमती लोइस बेट्झ, वय ५९, कर्मचारी विभागातील लिपिक, हॅवरकोर्न आणि पुत्र (चर्चचे बाक व गाद्या बनविणारा कारखाना), मुक्काम ओटर फोर्ड.

विषय : कामगार विम्यातून औषधी तांबी मिळण्यासाठी बायकांकडून खोटे प्रतिज्ञापत्र लिहून घेतले जाते, त्याबाबत दुसरा अर्ज.

संदर्भ : १) माझा दि. ८ ऑगस्ट २०२२ चा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे दि. २० सप्टेंबरचे चार ओळींचे उत्तर.

महोदय किंवा महोदया (उत्तराखाली नुसती आद्याक्षरे आहेत, त्यामुळे कळायला मार्ग नाही),

१. आपण कळविले आहे की, मालकाची धार्मिक श्रद्धा प्रामाणिक असल्यास संततिनियमनाचा खर्च विम्यातून वगळण्याची त्याला कायद्याने मुभा आहे, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. ही मुभा मला ठाऊक आहे. तिचे कागद मीच फाईलला लावले आहेत. आमचा विमा कारखान्याच्या स्वतःच्या पैशातून चालतो, म्हणून राज्याचे कार्यालय केंद्राच्या, म्हणजे आपल्या, कक्षाकडे बोट दाखवते, हेही ठाऊक आहे. माझा प्रश्न मुभेबद्दल नव्हताच. प्रश्न असा होता की, श्रद्धा मालकाची आणि खोटे बोलायचे कामगार बाईने, ही मुभा कोणत्या कलमात आहे? त्याचे उत्तर चार ओळींत सापडले नाही. म्हणून पुन्हा लिहीत आहे, आणि या वेळी सगळे लिहीत आहे.

२. आमच्याकडे नियम असा आहे. गोळी किंवा तांबी आजारासाठी हवी असेल तर विमा खर्च देतो, मूल होऊ नये म्हणून हवी असेल तर देत नाही. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र आहे. वकिलाने पाठविलेल्या मसुद्यात “हे साधन मी मुख्यतः आजारावरील उपचारासाठी वापरणार आहे” असे वाक्य होते. आमच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड ऑस्बोर्न यांनी ‘मुख्यतः’ खोडून ‘केवळ’ लिहायला सांगितले. टंकलेखन मी केले. आजवर अकरा बायकांनी त्यावर सह्या केल्या. त्यांतल्या किती खऱ्या, हे मला विचारू नये. मीच त्यांना दरवाजा लोटून हळूच सांगत असे, “लिहून टाक गं, कोण बघायला येतंय तुझ्या घरात?” त्यांची नावे मी देणार नाही. त्यासाठी आपणास जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी.

३. बारावी मार्ला हुल्समन. वय छत्तीस, गादी विभागात चौदा वर्षे शिलाई यंत्रावर. नवरा डॅरेल अठरा चाकी ट्रक चालवतो, मुले तीन. तिसऱ्या बाळंतपणात रक्तदाब चढून तिला झटके आले होते आणि दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. पुढचे बाळंतपण झेपणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावले होते. त्यात गेल्या वर्षापासून तिच्या अंगावरून फार जाऊ लागले. गर्भाशयात गाठी निघाल्या, हिमोग्लोबिन आठावर आले. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयात औषधी तांबी बसवायला सांगितली. त्या तांबीने रक्तस्रावही कमी होतो आणि दिवसही जात नाहीत.

मार्च महिन्यात मार्ला माझ्या टेबलाशी आली, प्रतिज्ञापत्र वाचले, माझेच पेन घेतले आणि ‘केवळ’ या शब्दावर रेघ मारली.

“अगं, हे काय करतेस?” मी म्हणाले.

“मिस लोइस, मला दोन्हीसाठी हवी आहे. रक्त थांबायला हवं आणि मूलही व्हायला नको.”

“हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. कागदाला कशाला सांगायचं?”

“कागदावर सही माझी आहे ना?”

मी तिला वेडी म्हटले. हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

४. शब्द खोडलेला असल्याने अर्ज समितीपुढे गेला. समितीत मालक श्री. वेंडेल हॅवरकोर्न, रेव्हरंड ऑस्बोर्न आणि मालकांचे जावई क्रेग, जे एरवी लाकडाची खरेदी पाहतात. तिघांपैकी कोणालाही कधी पाळी आलेली नाही. बैठक दर्शनी दालनात झाली, जिथे गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठी बाक मांडलेले असतात. मार्लाला पहिल्या बाकावर बसविले, खालची गादी तिनेच शिवलेली होती. इतिवृत्त लिहायला मी होते. बोलणे जसे झाले तसे देते.

पाद्री म्हणाले, “मुली, आम्ही तुझा न्याय करायला बसलेलो नाही. तुझा हेतू शुद्ध आहे एवढंच लिहून दे.”

“माझे हेतू दोन आहेत,” मार्ला म्हणाली.

मालक कळवळून म्हणाले, “मार्ला, दोन म्हणू नकोस गं. एक म्हण, मी आत्ता सही करतो.”

“मिस्टर हॅवरकोर्न, एक म्हटलं तर ते खरं नाही.”

यावर क्रेग म्हणाले, “मग नवऱ्यापासून जरा लांब राहायचं. तेवढा संयम जमत नाही का?”

“तो आठवड्यातले चार दिवस रस्त्यावरच असतो. राहिलेले तीन दिवस कसे काढायचे, तेही लाकूड खात्यानं ठरवायचं का?”

मला हसू आले, ते मी खोकल्यात दडवले. मग रेव्हरंडांनी तिला मागच्या पाळीची तारीख विचारली, किती दिवस चालते ते विचारले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हे लिहू नका, लोइस.” मी लिहिले आहे. प्रत सोबत आहे. मार्ला कानापर्यंत लाल झाली होती, पण तिने तारीख सांगितली. अर्ज नामंजूर झाला. कारण : “अर्जदाराने शब्द खोडला.”

५. ती गप्प बसली नाही, हेही सांगते, कारण आपल्याकडून तसे विचारले जाईल. स्वखर्चाने करायचे तर तिचा महिन्याचा पगार गेला असता. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिने नाव घातले, जुलैची तारीख मिळाली. घरी डॅरेल तिच्यावर भडकला. “एक शब्द! एका शब्दासाठी जीव टांगून ठेवतेस?” असे तो माझ्यासमोर, कारखान्याच्या फाटकाशी ओरडला. तो बिचारा रडवेला झाला होता. मार्ला त्याला एवढेच म्हणाली, “त्यांना त्यांच्या देवापुढे स्वच्छ राहायचंय, म्हणून मी माझ्या देवापुढे खोटं बोलू?” डॅरेल डोळे पुसत ट्रककडे गेला. मी चाळीस वर्षे चर्चच्या गायनात आहे, पण असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

६. दि. १९ मे. टेनेसीकडच्या एका मोठ्या चर्चच्या गाद्यांची घाई होती. कापड गर्द लाल. सकाळपासून मार्लाच्या अंगावरून जात होते, ते त्या लाल कापडाच्या ढिगाऱ्यात कोणाच्या लक्षात आले नाही. दहाच्या चहाला ती उठली आणि यंत्रावरच कोसळली. सुई बोटात रुतली होती. शेजारच्या बाईने तिला उचलायला हात घातला, तेव्हा पांढरा फोम रक्ताने भिजलेला दिसला आणि तिने किंकाळी फोडली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. रुग्णवाहिकेची वाट न पाहता मालकांनी स्वतः तिला दोन्ही हातांवर उचलले, आपल्या गाडीत घातले आणि इस्पितळात नेले. त्यांचा कोट, विजार सगळे रक्ताने भरले होते. दुपारपर्यंत ते बाहेरच्या बाकड्यावर गुडघ्यांत डोके घालून प्रार्थना करत बसले होते. माझे यजमान गेले तेव्हाही हा माणूस तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून होता. तो दुष्ट असता तर माझा राग सोपा झाला असता.

मार्लाला चार पिशव्या रक्त लागले. तो सगळा खर्च आमच्या विम्याने विनातक्रार दिला. तेवढ्यात किती तांब्या बसल्या असत्या, याचा हिशेब आपल्या कार्यालयाने करावा, माझ्याने होत नाही.

७. आता सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुलैपर्यंत थांबणे धोक्याचे आहे, तांबी आत्ताच बसवू. मी पुन्हा मालकांकडे गेले. ते म्हणाले, “प्रतिज्ञापत्र आण, लगेच देतो.” मी इस्पितळात तोच कागद घेऊन गेले. मार्ला पांढरीफटक पडली होती, ओठसुद्धा पांढरे. तिने कागद पाहिला आणि मान भिंतीकडे वळवली. मग डॉक्टरीणबाईंना विचारले, “न लिहिता काय मिळेल?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पिशवी काढता येईल. ती शस्त्रक्रिया आहे, तिला विमा अडवत नाही.”

मी शस्त्रक्रियेच्या मंजुरीचा अर्ज घेऊन मालकांना कचेरीच्या बोळात गाठले. समिती बसली नाही. प्रतिज्ञापत्र नाही, ‘केवळ’ नाही, ‘मुख्यतः’ नाही. त्यांनी कागद भिंतीला टेकवून सही केली. “बिचारी. उद्याच करू दे म्हणावं,” ते म्हणाले.

मी म्हणाले, “मिस्टर हॅवरकोर्न, पिशवी काढल्यावर तिला कधीच मूल होणार नाही.”

“पण तो हेतू नाही ना, लोइस,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

महोदय किंवा महोदया, काढता येणारी तांबी पाप होती, आणि छत्तीस वर्षांच्या बाईचे गर्भाशय कायमचे काढणे हे पाप नव्हते, कारण त्या कागदावर हेतूचा रकानाच नव्हता! रकाना असता तर मार्लाने तेथेही खरे लिहिले असते आणि ती मेली असती. मी ही गोष्ट रेव्हरंडांना बोलून दाखवली. ते म्हणाले, “लोइस, तुम्ही दमला आहात.” होय, दमले आहे. त्या रविवारी मला तोंड उघडून गाताही आले नाही.

८. शस्त्रक्रियेत मूत्राशयाला इजा झाली. मार्ला जुलैअखेर कामावर आली, पण तिला यंत्रावर सलग बसवत नाही, दर वीस मिनिटांनी उठावे लागते. तिला बांधणी खात्यात, कमी दर्जाच्या कामावर घातले आहे. चौदा वर्षांचा हात होता तिचा. गादीच्या कोपऱ्यावर शिवण कुठून वळली हे दिसत नसे.

मी तिची माफी मागायला गेले. ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मी म्हणाले, “मार्ला, तो शब्द मी टंकला होता.”

“ठाऊक आहे.”

“राग आहे माझ्यावर?”

“आहे ना,” ती म्हणाली. “तुम्ही कुजबुजत ‘खोटं बोल’ म्हणालात. निदान कुजबुजलात, म्हणजे खोटं आहे हे तरी तुम्हाला कळत होतं.” मग पुढचे खोके ओढून म्हणाली, “जरा ते दुसरं टोक धरा.” मी धरले. त्या दिवशी आम्ही सुट्टी होईपर्यंत खोकी बांधली.

९. सबब विनंती अशी :

(अ) मालकाची मुभा राहो अथवा जावो, तो वाद मोठ्या न्यायालयांचा आहे. पण ‘केवळ’ हा शब्द असलेले प्रतिज्ञापत्र घेण्यास तत्काळ मनाई करावी. डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी मानावी.

(आ) बाईला पाळीच्या तारखा विचारणारी समिती कोणत्या अधिकाराने बसते, याचा लेखी खुलासा मागवावा.

(इ) मार्ला हुल्समन हिला बसून-उठून करता येईल असे, पण तिच्या दर्जाचे काम देण्याबाबत कारखान्यास लिहावे. तिने हे मागितलेले नाही. ती आपणहून मागणार नाही.

(ई) माझी साक्ष शपथेवर नोंदवावी. मी कधीही येईन. नोकरी जाईल हे मला कळते.

१०. उत्तर लवकर हवे आहे, त्याचे कारण हे. काल शिलाईत नवीन लागलेली ब्रिन नावाची तेवीस वर्षांची पोरगी माझ्यासमोर प्रतिज्ञापत्र घेऊन बसली. तिची पाळी आठवडेच्या आठवडे चालते आणि पुढच्या वसंतात तिचे लग्न आहे. पेनचे टोपण चावत ती म्हणाली, “मिस लोइस, इथं काय लिहायचं असतं? सगळ्या म्हणतात, तुम्ही सांगता.”

मी दरवाजा लोटायला उठले, आणि तशीच उभी राहिले. खोटे लिही म्हणावे, तर माझी जीभ आता वळत नाही. खरे लिही म्हणावे, तर खरे लिहिणारीचे काय होते ते मी पाहिले आहे. तिला म्हणाले, “काही लिहू नकोस, शुक्रवारपर्यंत थांब.” ती मुकाट्याने कामावर गेली. तिचा विश्वास आहे की मला काहीतरी ठाऊक आहे.

आज मंगळवार आहे.

आपली, अजून तरी नम्र,

लोइस बेट्झ
ओटर फोर्ड, दि. ११ ऑक्टोबर २०२२

सोबत : १) समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, न लिहायला सांगितलेल्या ओळींसह. २) मार्लाने शब्द खोडलेले प्रतिज्ञापत्र, तिच्या परवानगीने. ३) शस्त्रक्रियेच्या मंजुरीची प्रत.

प्रत माहितीसाठी : श्री. वेंडेल हॅवरकोर्न यांना. टपालाने नाही, हातात देणार आहे.