लोणखेड्याच्या झाडलेल्या घराची व्यवस्था

मी, गजराबाई सुकलाल पाटील, वय वर्षे ७२, कन्या वसतिगृहाची निवृत्त गृहपाल, राहणार लोणखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर राहून माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले. घरी येऊन फडताळ उघडले असते तर पाच मिनिटांत भागले असते.

दाखला लागला, कारण माझा एकुलता मुलगा उमाकांत चार माणसांत सांगत फिरतो की मायला स्वच्छतेचे वेड लागले आहे, तिचा कागद कोर्टात टिकणार नाही, आणि तिच्यामागे घर विकून तो शहाद्याला गाळा घेणार आहे. त्याच्या खोलीत फाटक्या ठिबक नळ्या, केळीचे रिकामे कॅरेट आणि तीन निवडणुकांचे फ्लेक्स आहेत. टाकायला काढले की "ऱ्हाऊ दे माय, कामले येई." त्या ढिगात तो रोज गाडीची किल्ली शोधतो, बायकोवर खेकसतो, मग रक्तदाबाची गोळी घ्यायला जातो. तीही शोधावी लागते. अशा माणसाने दुसऱ्याच्या डोक्याची चौकशी करावी, हे नवलच.

कलम १. वरील सर्व भंगार उमाकांतला देत आहे. मी गेल्यावर आठ दिवसांत त्याने ते उचलावे.

कलम २. नणंद रूपलीबाई हिच्याकडे माझे आठ स्टीलचे डबे अकरा वर्षांपासून आहेत. ते तिलाच राहू द्यावेत. तिच्या स्वयंपाकघरातून आलेली वस्तू माझ्या घरात नको.

कलम ३. दीर मगन यांना माझा अंगणातला खराटा. कारण नमूद करते. चार वर्षांपूर्वी माझे यजमान वारले तेव्हा यांनी मला रीतीप्रमाणे कोपऱ्यात बसवले. तेरा दिवस विधवेने कशाला हात लावायचा नाही. दारावर येणारी माणसे चहा पिऊन कप तिथेच ठेवत, चिखलाचे पाय घेऊन आत येत. मी भिंतीला टेकून ते बघत होते. यजमान गेल्याचे दुःख होतेच, पण पाचव्या दिवशी मला माझे नाव आठवायला वेळ लागला. सहाव्या दिवशी मी उठले आणि मोरी घासायला बसले. मगनराव ओरडले, "वहिनीनं डोकं फिरी गयं, भगतले बलावा." मोरी पांढरी झाली, मी अंघोळ केली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा झोपले. वेडाची बातमी तेव्हापासूनची आहे.

कलम ४. माझ्या पगारातून बांधलेले राहते घर, परसासह, सून यामिनी उमाकांत पाटील हिला पूर्ण मालकीने देत आहे. उमाकांतला ते विकण्याचा अगर गहाण टाकण्याचा कोणताही अधिकार नाही.

लोक विचारतील, म्हणून लिहिते. सहा वर्षांपूर्वी, ती आणि उमाकांत शहाद्याला भाड्याने वेगळे राहत असताना, यामिनीचे बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. भांड्यांना बुरशी आली, केसांत जट झाली. वसतिगृहात दीडशे मुलींना शिस्त लावलेली मी, दारात उभी राहून म्हणाले, "घरना उकिरडा करी टाका तू." ती म्हणाली, "आत्याबाई, माले उठाले बळच नही ऱ्हायनं." मी तिला आळशी ठरवून निघून गेले. घर आवरले की मन आवरते, हे मी जन्मभर मुलींना शिकवले. मन मोडलेल्याचा हातच उचलत नाही, तेव्हा दुसऱ्याने आवरून द्यायचे असते, हे मला कळले नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वांची मी लाज काढली आहे. त्यांत माझेही नाव धरावे.

आणि मी मोरी घासत होते त्या दिवशी सगळे मला ओढायला धावले, तेव्हा हीच यामिनी दारात आडवी उभी राहिली. "कोनी हात लावू नका. धुई ऱ्हायन्यात तं धुवू द्या." मग तिने मला पाण्याच्या बादल्या आणून दिल्या. मी तिला एकही दिली नव्हती.

कलम ५. बँकेतली ठेव यामिनीच्या औषधपाण्यासाठी आहे. गाळ्यासाठी नाही. माझ्यामागे घरातल्या कोणत्याही बाईला कोपऱ्यात बसवू नये.

कलम ६. उमाकांतला या घरात राहता येईल, एका अटीवर. यामिनीला उठवत नसेल त्या दिवशी त्याने झाडावे, भांडी घासावीत, तिच्या उशाशी पाणी ठेवावे आणि तोंड उघडू नये. यामिनीने हे घर वर्षभर झाडले नाही तरी तिला जाब विचारण्याचा हक्क कोणाला नाही. मला तर नव्हताच.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो मला मान्य आहे.

सही: गजराबाई सुकलाल पाटील

गजराबाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. वीरसिंग पाडवी, शेजारी, लोणखेडा
२. प्रिस्किला गावीत, निवृत्त परिचारिका, नवापूर

ठिकाण: लोणखेडा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५