प्रोफेसर रॅब, मुक्काम पोशीर

मुंबई, एप्रिल १९७८

तीर्थरूप हिरूमामांच्या राखेनं माखलेल्या पायांवर भाचा गजा याचं दंडवत. मामीचा गुडघा कसा आहे? शेतातले पालापाचोळ्याचे राब भाजून झाले असतीलच. (नसतील, तर हे पत्र त्यात टाकण्याआधी वाचावं.)

मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझी कॉम्प्युटरवरची नोकरी अजून कच्ची, आणि ती पक्की करणं केळशीकरसाहेबांच्या हातात. त्यांनी काम दिलं ते असं, की धरणाचं पाणी कधी किती सोडलं म्हणजे कमीत कमी वाया जाईल, ते यंत्राकडून शोधून घ्यायचं. यंत्र आंधळं. पायाखाली उतार लागेल तिकडे पाऊल टाकतं, तळ, म्हणजे सगळ्यात कमी नासाडीची जागा, आला की थांबतं. पण आमची दरी निघाली लांबट नि अरुंद. (आकड्यांची दरी बरं का, माथेरानची नव्हे.) यंत्र आपलं झिंगल्यासारखं या कड्यावरून त्या कड्यावर, नि तिथून परत अलीकडे. तळ काही येईना, आणि नोकरी जाते की काय या धास्तीनं मला जेवण जाईना.

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. मागं मी भात पेरायची घाई केली, तर तुम्ही ओरडला होतात, "आरं गजा, आदी जमीन भाजून घे रं! राब नाय केलास तं गवतच उपटत बसशील." मग मीही आधी जमीन तयार केली. आकड्यांची मापं बदलून ती अरुंद दरी परातीसारखी गोल करून घेतली. आता कुठूनही उतार धरा, सरळ तळाशी! प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला मी प्रेमानं नाव दिलं, राब.

नाव इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे साहेबांनी वाचलं 'रॅब'. साहेबांचा जन्म गिरगावातला, भात त्यांनी ताटातच पाहिलेला. हे ते जर्मन प्रोफेसर ना, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. चारचौघांत साहेबांना नाही कसं म्हणायचं? मी मान डोलावली. हल्ली कुठं असतात, म्हणाले. माझ्या तोंडातून तुमच्याच गावाचं नाव निघालं, "पोशीरला." साहेब गहिवरले. एवढा थोर माणूस नेरळजवळ राहतो आणि आपल्याला पत्ता नाही!

आपला लाडका (असावा अशी आशा),
गजा

ता. क. साहेब येत्या रविवारी शाल-श्रीफळ घेऊन तुमच्याकडे येताहेत. तुमच्या लग्नातला कोट घाला. बोलू मात्र नका, प्रोफेसरांचं मौन असतं असं मी सांगून ठेवलंय. जर्मन माणूस इतका काळा कसा, असं विचारलंच, तर मामीनं म्हणावं, "इथलं ऊन लय कडक हाय."

आणखी ता. क. गजाननला पक्कं करावं की नाही, हे साहेब आता रॅबसाहेबांनाच विचारणार आहेत. तेवढ्यापुरतं मौन सोडा, मामा. पण पाया पडतो, खरं बोलू नका.