हौसाकाकूंचा पदर

मंगळवार, संध्याकाळ

जळफळाट झाला आज. इथे तरी कशाला लपवू? टीबीच्या गोळ्या आता पेशंटच्या गावातल्या उपकेंद्रातच मिळणार, म्हणून तिथल्या नव्या नर्सला शिकवायला गेले होते. बघते तर ओट्यावर हौसाकाकू! बीपीवाल्या आणि लेकुरवाळ्या बायांमध्ये बसलेल्या, पदर खांद्यावर, खळखळून हसत.

माझ्या हौसाकाकू! कशेळ्याच्या दवाखान्यामागे माझी टीबीची खोली आहे, तिथे तोंडावर पदर घट्ट धरून यायच्या. गोळीसुद्धा पदराआडून गिळायच्या. खोकला थांबला, थुंकीची तपासणी चांगली आली, तरी पदर तसाच. मला वाटायचं, माझा मान ठेवतात. किती वेळा त्यांच्यासाठी उशिरापर्यंत थांबले, किती समजावलं! आणि वालाच्या शेंगा आणल्या कुणाला? तर त्या कालच्या नर्स पोरीला.

शेवटी विचारलंच, "काकू, मला विसरलात ना?"

"नाय गं ताई. तुझ्या खोलीत शिरलं का आख्ख्या बाजाराला कळायचं, हिला टीबी हाय. हितं कोन कशाला आलंय, कुनाला काय ठावं?"

म्हणजे पदर माझ्या मानासाठी नव्हताच. माझ्या दारासाठी होता.

निघताना त्यांनी माझ्याही पिशवीत शेंगा घातल्या. मी नीट बोललेसुद्धा नाही. आता त्याच सोलत बसलेय. हौसाकाकूंचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. इतके महिने औषध मी दिलं, आणि ते मला आज दिसलं.