रेघेखालचं वाक्य

जळगाव, मुलींचं वसतिगृह
सोमवार, २१ एप्रिल २०२५

ती. पुनमवहिनी यांना ज्योत्स्नाचा नमस्कार.

तुमच्या भावाचा धुळ्याचा पत्ता मी दादाच्या वहीतून घेतला, विचारून घेतला. इकडे बरं आहे. उन्हाचा कहर आहे, तुम्ही दुपारी बाहेर पडत नसाल असं धरून चालते. आबांनी यंदाही कपाशीच लावायचं ठरवलंय. आखाजीचा सण आठ-नऊ दिवसांवर आला तरी गल्लीत अजून कुणी झोका बांधलेला नाही. तुम्ही असताना पहिला झोका आपल्या लिंबाला असायचा.

तुम्ही फोन उचलत नाही ते बरोबरच आहे. तसंही फोनवर मी निम्म्यातच थांबते.

रविवारी धुळ्याला दोन्हीकडची माणसं सोडचिठ्ठीचं बोलायला बसणार आहेत. हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या नाकावर आणि गालांवर तो लाल चट्टा उठला, बोटं सुजली, भाकरी थापता येईना. जळगावच्या डॉक्टरांकडे मीच सोबत होते. ते म्हणाले, शरीर स्वतःशीच लढतंय, गोळ्या कायम घ्याव्या लागतील. घरी आल्यावर आबांनी ओट्यावर सगळ्यांसमोर मला विचारलं, "पोरी, हाऊ आजार लागनारा शे का?" मी म्हणाले, "पुस्तकात बघून सांगते." ~~मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.~~ त्याच संध्याकाळी आईने तुमचं ताट वेगळं केलं. ओळखायला काठावर लाल ठिपका दिला, तोही तुमच्याच फळीवरच्या नेलपॉलिशने. तुम्ही हसून म्हणालात, "बघ मास्तरीणबाई, माझी सीट रिझर्व्ह झाली." मी हसले. ते हसू मला अजून आठवतं.

आता जे सांगते ते जरा लांबचं वाटेल, पण वाचा.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी उंदराच्या पेशी वाढवते. काचेसारख्या पारदर्शक डबीत, गुलाबी पाण्यात. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. एक रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की अंधारात निळे दिवे लागतात, प्रत्येक पेशीत एक. तो निळा दिवा म्हणजे पेशीचं केंद्रक. डीएनए तिथे असतो, दार लावून ठेवल्यासारखा. माणसाच्या एका पेशीतला हा धागा सरळ केला तर दोन मीटर भरतो, वहिनी. तुमच्या लुगड्याच्या पदराहून लांब, आणि राहतो कुठे, तर मोहरीचा दाणासुद्धा जिथे डोंगर वाटेल तिथे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाजूच्या मुलीने विचारलं, रडतेस का. मी म्हटलं, डोळे दुखतात.

बाहेरचा जंतू घुसला तर त्याचा धागा केंद्रकाच्या बाहेर, पेशीच्या अंगणात पडतो. तिथे एक प्रथिन नुसतं हिंडत असतं. धागा हाती लागला की ते त्याला घट्ट धरतं आणि एक बारीकसा निरोप्या तयार करतं. त्यावरून सगळी पेशी जागी होते, आणि शेजारच्या ज्या पेशींना अजून काहीच झालेलं नाही त्यांनाही सावध करते. कुणी शिकवलं नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. हे सगळं तुमच्यामाझ्यात या घडीला चालू आहे.

माझं काम हे तपासायचं होतं. काही पेशींत जंतूचा डीएनए सोडायचा, काहींत नुसतं मिठाचं पाणी, काहींत उंदराचा स्वतःचाच डीएनए. पेशी ओरडली की डबीतल्या तिच्या खळग्यातलं पाणी पिवळं होतं. जंतूचे खळगे पिवळे झाले. मिठाच्या पाण्याचे झाले नाहीत. पण उंदराच्या स्वतःच्या डीएनएचे सहाच्या सहा खळगे पिवळे. वाटलं, नळ्यांची अदलाबदल केली. पुन्हा केलं, पिवळे. नवीन नळ्या, नवीन नावं लिहून तिसऱ्यांदा केलं. पिवळेच.

आमच्या चेलना कोठारी मॅडमना घाबरत घाबरत दाखवलं. त्या म्हणाल्या, "तीनदा केलंस? अगं, आम्ही जैन, पण आमच्या आजीनेही पाणी इतक्यांदा गाळलं नसेल." मग खळग्यांकडे बघत म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही. ते प्रथिन डीएनए कुणाचा आहे ते बघतच नाही. कुठे सापडला तेवढंच बघतं."

मी तिथेच स्टुलावर बसले. आपलाच धागा, पण अंगणात सापडला की पेशी त्याला चोर समजते.

एरवी असं होत नाही, कारण मेलेल्या पेशींचा पडलेला धागा कातरून झाडून नेणारीही प्रथिनं आहेत. रोज, न थकता. तुमच्या आजारात हे झाडणं कुठेतरी मागे पडतं आणि शरीर स्वतःच्याच डीएनएवर उठतं, असं म्हणतात. सगळं अजून कुणालाच नीट उलगडलेलं नाही, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. तुमच्या रिपोर्टात हेच लिहिलेलं होतं, स्वतःच्या डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी. एक मात्र नक्की आहे. यात एकाकडून दुसऱ्याला लागण्यासारखं काहीच नसतं. ताटातून नाही, हातातून नाही.

आमच्या प्रयोगाच्या वहीत चुकलेलं खोडून काढायचं नसतं. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि खरं काय ते लिहायचं. वर एका वाक्यावर मी रेघ मारली आहे, ती तुम्ही पाहिली असेल.

त्या संध्याकाळी माहीत नव्हतं हे खरं. आठव्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात मी वाचलं. अगदी स्पष्ट लिहिलं होतं, हा आजार लागत नाही. मी घरी आले तेव्हा तुम्ही चुलीमागे एकट्या, त्या ताटात जेवत होतात. मी बोलले नाही. आपल्या घरात शिकलेली मी पहिली. ताट माझ्या शब्दावर वेगळं झालं असं आई सगळीकडे सांगून बसली होती. वाटलं, मी एकदा चुकले तर शिक्षणच चुकलं असं ठरेल, आणि आबा पुढे पाठवणार नाहीत. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. तुम्ही दिवाळीपर्यंत त्या ताटात जेवलात, मग धुळ्याला गेलात. तेव्हापासून मी सगळं तीनदा करते.

काल घरी गेले आणि जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "मंग तव्हय काब्र नही सांगं?" मी कारण सांगितलं. आबांनी ताटातच हात धुतला. म्हणाले, "चुकती ते चालतं. गप ऱ्हायनी, ते नही चाले." दादा भिंतीकडे बघत होता. त्याने एवढंच विचारलं, "हाई बठ्ठासमोर सांगशी का?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर सांगेन.

मी दादाची बाजू घेत नाही. डॉक्टरांना विचारायला त्यालाही तोंड होतं.

रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. बैठकीत सगळ्यांत आधी मी उभी राहणार आणि हे असंच सांगणार, आठव्या दिवसासकट. त्यावर तुम्ही परत यावं असं मी म्हणणार नाही. सही करायची तर करा, नाही तर नका करू. फक्त त्या कागदावर सोडचिठ्ठीचं कारण म्हणून तुमचा आजार कुणी लिहू नये, एवढं मी बघेन. गोळ्या चुकवू नका.

ते ताट मी काल वसतिगृहात घेऊन आले. ठिपका तसाच आहे. आता मी त्यात जेवते. तुम्हाला हवं असेल तर रविवारी आणते, पुसून किंवा न पुसता, तुम्ही सांगाल तसं.

आठव्या दिवसापासून सगळं माहीत असलेली,
ज्योत्स्ना